बीएस्सी झाली की लगेच ‘आरडी’ होते का?

बार्शी तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविका ताईंचं पत्र आहे. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, बायोलॉजी होतं, टक्के ६८. नीटमध्ये जमलं नाही. तिला डाएटिशियन व्हायचंय. एका खासगी कॉलेजचा माणूस घरी येऊन सांगून गेला, ‘आमच्याकडे बीएस्सी केली की मुलगी रजिस्टर्ड डाएटिशियन, म्हणजे आरडी!’ जाऊबाईंचं म्हणणं वेगळंच: काय खावं हे सांगायला डिग्री कशाला हवी, मोबाइलवर तीन महिन्यांचा कोर्स मिळतो. पत्राच्या तळाशी, जरा बारीक अक्षरात, आणखी एक प्रश्न आहे: मुलगी अंगानं जाड आहे, लोक हसणार नाहीत ना?

नमस्कार ताई,

आधी जाऊबाईंचं बघू, कारण त्याचं उत्तर तुमच्याच अंगणवाडीत आहे. एखाद्या पोराचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली भरला की तुम्ही त्याची नोंद ‘सॅम’मध्ये, म्हणजे तीव्र कुपोषित मुलांत करता. त्याला ताप असेल, ते खात नसेल, तर पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवता. तिथे त्याला पहिले काही दिवस काय देतात, हे कधी पाहिलंत? एफ-७५ नावाचं पातळ दूध. १०० मिलिला ७५ कॅलरी, प्रथिनं मुद्दाम कमी. तेही पोराच्या वजनावरून हिशेब करून, दर दोन तासांनी थोडं थोडं, रात्रीसुद्धा. शेजारी बसलेली आजी वैतागते: ‘एवढं वाळलंय पोरगं, आणि हे वाटीभरसुद्धा दूध देईनात!’ पण उपाशी शरीराचं हृदय, यकृत, मूत्रपिंड सगळंच मंदावलेलं असतं. एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस झपकन खाली येतं आणि पोर दगावू शकतं. सूज उतरली, भूक परतली की मगच एफ-१००, म्हणजे १०० मिलिला १०० कॅलरी. कुठल्या पोराला किती दूध द्यायचं, ते मिलिचे आकडे कागदावर लिहिण्यात डाएटिशियनचा हात असतो. जाऊबाईंना एवढंच सांगा.

शिवाय यूजीसीने २०२५-२६ च्या सत्रापासून अन्न व पोषणशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन हे विषय दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन पदवीसाठी शिकवायला मनाई केली आहे. तेव्हा ‘घरबसल्या डिग्री’ असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता तो कॉलेजचा माणूस. त्यानं अर्धंच सांगितलं. ‘आरडी’ हे बिरुद इंडियन डाएटेटिक असोसिएशनच्या परीक्षेतून मिळतं. नेहमीची वाट अशी की आधी पोषणशास्त्राची बीएस्सी, मग एक वर्षाचा डाएटेटिक्सचा पीजी डिप्लोमा किंवा दोन वर्षांची एमएस्सी, त्यानंतर हॉस्पिटलमध्ये सहा महिन्यांची इंटर्नशिप, आणि मग ती परीक्षा. म्हणजे आजपासून पाच वर्षं तरी धरून चला. घरात हा आकडा आत्ताच मोठ्यानं सांगून टाका. तिसऱ्या वर्षी ‘झालं की आता, स्थळं बघू’ असं कुणी म्हणायला नको.

आणि एक नवी गोष्ट. २०२१ साली संसदेनं सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोघंही येतात. पुढे सरकारी नोंदणीच्या दृष्टीनं हाच कायदा महत्त्वाचा ठरणार, म्हणून त्या माणसाला सरळ विचारा: तुमचा अभ्यासक्रम आयोगाच्या अभ्यासक्रमाशी जुळतो का, ते लेखी द्या. मुलींना वॉर्डात कुठल्या हॉस्पिटलला पाठवता? मागच्या बॅचच्या दोन मुलींचे फोन नंबर द्याल? तिसऱ्या प्रश्नाला तो घुटमळला, तर प्रवेशाची घाई करू नका.

कॉलेजं बघाल तर मुंबईत एसएनडीटीचं जुहूचं सर विठ्ठलदास ठाकरसी कॉलेज आणि मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन, नागपूरचं एलएडी ही जुनी नावं. परभणीच्या कृषी विद्यापीठातला चार वर्षांचा कम्युनिटी सायन्सचा (पूर्वीचं होम सायन्स) कोर्सही वाईट नाही. पण तो व्यापक आहे, पोषण हा त्यातला एक भाग. तिथून पुढे एमएस्सी पोषणातच करायची हे आधी ठरवून जावं. फूड टेक्नॉलॉजीत मात्र चुकून शिरू नका. नाव सारखं वाटतं, काम बिस्किटाच्या कारखान्यातलं. ते कामही चांगलं आहे, पण तुमच्या मुलीला ते नको आहे.

तिला एक प्रश्न माझ्या वतीनं विचारा: बारावीला केमिस्ट्री आवडायची का? या डिग्रीत पाककृती थोड्या आणि बायोकेमिस्ट्री फार. पोषणावर काम केलेल्या आपल्या कमला सोहोनी मुळात बायोकेमिस्टच होत्या, १९३९ साली केंब्रिजची पीएचडी मिळवलेल्या. केमिस्ट्री नुसती पाठ करून ढकलली असेल तर पहिलं वर्ष जड जाईल. जमणार नाही असं नाही, पण सुट्टीत पुस्तक उघडायला हवं.

पैशाचं. छोट्या हॉस्पिटलात सुरुवातीचा पगार कमीच असतो, हे लपवत नाही. सरकारी केंद्रांतल्या जागा बऱ्याचदा कंत्राटी. आणि २०२४ पासूनची मुलींची फीमाफी सरसकट नाही. ती केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश होणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, त्यातही प्रवर्ग आणि उत्पन्नाची अट आहे. आपल्या कोर्सला लागू होते का, हे कॉलेजच्या ऑफिसात विचारूनच हिशेब मांडा.

आता तळाशी लिहिलेलं. मी वॉर्डात नोकरीला लागले तेव्हा माझं वजन ७४ किलो होतं. शुगर वाढलेल्या एका आजींची मी डाएट हिस्टरी घेत होते, कालच्या सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं ते. आजी ‘दोन पोळ्या आणि भाजी’च्या पुढे जाईनात. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, ‘तू काय खाल्लंस गं काल रात्री?’ मी खरं ते सांगितलं. सकाळचा उरलेला भात, फोडणी देऊन, वर शेव. आजी खुदकन हसल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘माझी चहाबरोबर चार खारी लिही. सुनेला सांगू नकोस.’