आमच्या जिनिंगच्या लिनक्स मशीनवर एक्स्टेन्शन नसलेल्या ढीगभर फायली आहेत. त्यातल्या शेल स्क्रिप्ट (शेलच्या आज्ञांच्या मजकूर-फायली) पायथनने कशा ओळखायच्या? (दारव्हा, यवतमाळ)

नावावर जाऊ नका, पहिली ओळ वाचा: फाईल बायनरी मोडमध्ये उघडून 256 बाइट घ्या आणि पहिले दोन #! (35, 33) नसतील तर ती सोडून द्या. कर्नलसुद्धा (लिनक्सचा गाभा) हेच दोन बाइट पाहून इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, ठरवतो. त्याच ओळीत #! च्या पुढे इंटरप्रिटरचा पाथ असतो, त्याचा शेवटचा तुकडा घ्या. तो 'एन्व्ह' (env, पुढे दिलेला प्रोग्राम शोधून चालवणारा) निघाला तर त्यानंतरचा शब्द. हे नाव एसएच (sh), बॅश (bash), डॅश (dash), केएसएच (ksh), झेडएसएच (zsh) या शेलच्या यादीशी पूर्ण जुळवा. नुसतं 'ओळीत एसएच आहे का' पाहिलं की टीसीएल (Tcl) भाषेचा 'विश'ही (wish) जाळ्यात येतो, आणि तो शेल नाहीच. विंडोजवर लिहून पेनड्राइव्हने आणलेल्या फाईलमध्ये ओळीच्या शेवटी 13 नंबरचा बाइट चिकटलेला असतो. तो आधी काढा, नाहीतर 'बॅश' दिसूनही जुळणार नाही. (ती स्क्रिप्ट तशीच चालवली तर 'बॅड इंटरप्रिटर' येतो, तो याच्यामुळेच.) उघडण्याआधी साधी फाईल आहे ना ते तपासा, नेम्ड पाइप (प्रोग्राममध्ये डेटा नेणारी खास फाईल) लागला तर प्रोग्राम तिथंच अडकून बसतो.

एक मात्र आहे: #! नसलेली स्क्रिप्टही शेलमधून चालते, ती या पद्धतीत सुटेल. अशा उरलेल्या मजकुराच्या फायली वेगळ्या काढून डोळ्यांनीच पाहाव्या लागतील.