टीम हरली आणि घरातला माणूस अजून त्यातच अडकलाय?

2025 च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडात टोरंटोजवळच्या मिसिसागाहून एका बाईंचा फोन आला. ताई, ह्यांची बेसबॉलची टीम हरून तीन आठवडे झाले, तरी रात्री उठून मोबाईलवर तीच तीच क्लिप बघत बसतात, मी म्हटलं अहो मॅचच तर होती, तर दोन दिवस बोलले नाहीत, हे नॉर्मल आहे का? (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.) असं विचारणारे बरेच असतात, क्रिकेटबद्दल तर जास्तच, म्हणून लिहितेय.

आधी नेमकं काय झालं ते. टोरंटोची ब्लू जेज टीम 1993 नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजला, म्हणजे बेसबॉलच्या सात मॅचच्या फायनलला, पोचली होती, तीही आदल्या वर्षी आपल्या गटात शेवटची आलेली टीम. सातवी, निकालाची मॅच, घरचं मैदान, नवव्या इनिंगमध्ये 4-3 ने पुढे, फक्त दोन आऊट हवे होते. तिथे समोरच्या टीमच्या, डॉजर्सच्या, मिगेल रोहासने होमरन (आपल्या सिक्सरसारखा) मारून बरोबरी केली, मग टोरंटोचा रनर, तिसऱ्या बेसवरून धाव पूर्ण करायला पळालेला, होम प्लेटवर अगदी थोडक्यात आऊट झाला, आणि अकराव्या इनिंगमध्ये 5-4 ने सगळं संपलं. तोंडाशी आलेला घास गेला हो! 19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादची फायनल बघून ज्यांना जेवण गेलं नव्हतं त्यांना हे समजावून सांगायला नको.

त्यामुळे वाईट वाटणं नॉर्मलच. पण "मॅचच तर होती" हे वाक्य कृपा करून बोलू नका, त्याने माणूस आणखी मिटतो.

ते गृहस्थ माझ्याकडे समुपदेशनाच्या सेशनला आले ते थेट रनरवरच, तो तिसऱ्या बेसवरून अजून दोन पावलं पुढे उभा असता तर, असं. मी ते बोलू दिलं. मग विचारलं, मॅच कुणाबरोबर बघायचात? मुलाबरोबर, म्हणाले, आणि गप्प झाले. मुलगा चौदा वर्षांचा, एरवी दार लावून बसणारा, पण एप्रिलपासून रोज रात्री सोफ्यावर बाबांशेजारी, स्कोअरवरून वाद, पॉपकॉर्न, सगळं. सीझन संपला आणि मुलगा परत खोलीत गेला. माझ्या मते खरं दुखणं तिथे होतं, ट्रॉफी त्यानंतर.

दोनच गोष्टी ठरवल्या. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला, आणि मुलाला सरळ सांगायचं की मला तुझ्याबरोबर बसायची सवय झाली होती रे. दुसरी त्यांना फार जड गेली, पण बोलले. मुलाने एवढंच विचारलं, मग रविवारी बास्केटबॉल लावायचं का? झोप हळूहळू सुधारली, क्लिप अधूनमधून अजून बघतात आणि त्याचं मला काही वाटत नाही.

मात्र दोन आठवड्यांच्या वर झोप-जेवण बिघडलेलं असेल, कशातच मन लागत नसेल, दारू वाढली असेल किंवा मुलांवर हात उगारला जात असेल, तर मॅचचं निमित्त देत थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि "जगून काय करायचं" अशी भाषा आली तर त्याच दिवशी.