लीग टूमधला पुतण्या आणि भारताची जर्सी

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. भावाचा मुलगा इंग्लंडमध्येच जन्मला आणि वाढला. आता विसाव्या वर्षी तो लीग टूच्या, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या स्तराच्या, एका क्लबकडे व्यावसायिक करारावर आहे. आईवडील दोघेही भारतात जन्मलेले आणि मुलाकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड, आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा विचार करण्यात अर्थ नाही हे घरात सगळ्यांना मान्य आहे. त्यामुळे त्यानं भारताकडून खेळावं का, आणि त्यानं त्याच्या करिअरचं भलं होईल का, असं तुम्ही विचारताय.

आधी थेट उत्तर. नुसत्या ओसीआय कार्डावर त्याला भारताकडून खेळता येणार नाही. त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागेल, आणि विसाव्या वर्षी तो सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याची इच्छा मोडीत काढू नका. 'मोठ्या संघात जागा नाही म्हणून छोट्या देशाकडे वळला' असं अशा खेळाडूंबद्दल सर्रास बोललं जातं, आणि ते मला अजिबात पटत नाही. खालच्या विभागात खेळून आईवडिलांच्या देशाचीही जर्सी घालणारे खेळाडू मी अनेक वर्षं जवळून बघतोय. सोयीचा असा तो मार्ग मुळीच नाही.

नील एथरिजचं उदाहरण घ्या. जन्म लंडनच्या एन्फिल्डमधला, आई फिलिपिन्सची. आधी चेल्सीच्या आणि मग फुलहॅमच्या अकादमीत घडलेला हा गोलकीपर २००८ साली, अजून फुलहॅमच्या मुख्य संघात पाऊलही पडलं नव्हतं तेव्हा, फिलिपिन्सकडून खेळायला लागला. बास्केटबॉलवेड्या त्या देशात तेव्हा फुटबॉलला फारसं कुणी विचारत नव्हतं. डिसेंबर २०१० मध्ये आग्नेय आशियाई देशांच्या स्पर्धेत, सुझुकी कपात, फिलिपिन्सची गाठ हनोईत गतविजेत्या व्हिएतनामशी पडली. मी दिन्ह स्टेडियम घरच्या प्रेक्षकांनी भरलेलं होतं. चेंडू बराच वेळ व्हिएतनामकडेच राहिला, फिलिपिन्सचा अख्खा संघ आपल्या पेनल्टी क्षेत्राभोवती गोळा झालेला आणि एथरिज एकामागून एक फटके अडवतोय, असा तो सामना चालला होता. पूर्वार्धात ख्रिस ग्रेटविचनं हेडरवर गोल केला, शेवटच्या टप्प्यात फिल यंगहजबंडनं दुसरा. फिलिपिन्स २-० असा जिंकला. ग्रेटविच इंग्लंडमधल्या ब्रायटनचा आणि यंगहजबंड चेल्सीच्या अकादमीतून आलेला. दोघांच्याही आया फिलिपिनो.

पण ती स्पर्धा एथरिजला शेवटपर्यंत खेळता आली नाही. सुझुकी कप फिफाच्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रकात बसत नव्हता, त्यामुळे त्या काळात खेळाडू सोडणं क्लबवर बंधनकारक नव्हतं. फुलहॅमनं त्याला परत बोलावलं. उपांत्य फेरीत इंडोनेशियाविरुद्धचे दोन्ही सामने फिलिपिन्स ०-१ असे हरला. तेही दोन्ही जकार्तात, कारण मायदेशात मान्यताप्राप्त मैदानच नव्हतं.

पुढची वर्षं खडतर गेली. फुलहॅमच्या मुख्य संघाकडून त्याला जेमतेम एक सामना मिळाला, आणि २०१४ मध्ये करार संपल्यावर काही महिने तो क्लबविना होता. २०१५ मध्ये त्याला लीग वनमधल्या, म्हणजे तिसऱ्या स्तरावरच्या, वॉल्सॉलनं घेतलं. मी तेव्हा वेस्ट मिडलंड्समध्ये राहत होतो आणि एम-सिक्स महामार्गाला खेटून असलेल्या बेस्कॉट मैदानावर नियमित जायचो. त्या हंगामात वॉल्सॉलचे ८४ गुण झाले, थेट बढती मिळवणाऱ्या बर्टनपेक्षा फक्त एक कमी. बढतीची उरलेली जागा ठरवणाऱ्या प्ले-ऑफ सामन्यांत बार्न्स्लीनं त्यांना धुतलं. पण गोलकीपर वरच्या विभागांच्या नजरेत भरला होता. २०१७ मध्ये तो कार्डिफकडे गेला, संघाबरोबर प्रीमियर लीगमध्ये पोहोचला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या पहिल्या दोन्ही सामन्यांत त्यानं एकेक पेनल्टी अडवली.

आणि त्यानंतर जे झालं ते मला फार लागलं. फिलिपिन्स इतिहासात पहिल्यांदाच आशियाई चषकासाठी पात्र ठरलं होतं. स्पर्धा जानेवारी २०१९ मध्ये, म्हणजे इंग्लिश हंगामाच्या ऐन मध्यात. कार्डिफ प्रीमियर लीगमधून खाली घसरू नये म्हणून झगडत होतं, आणि एथरिज स्पर्धेला गेला नाही. दहा वर्षं ज्या संघासाठी तो जगाच्या या टोकाहून त्या टोकाला उडत राहिला, त्याच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत दुसराच कुणीतरी गोलमध्ये उभा होता. मी त्याला दोष देत नाही. आपल्या घरातला मुलगा असता तर मीही त्याला राहा म्हणालो असतो. पण दोन्हीकडे जीव लावणाऱ्यावर अशी वेळ येते, हे पुतण्याला आत्ताच कळू दे.

आता रोजच्या व्यवहाराचं बोलू. वरचे दोन विभाग, प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिप, आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या काळात थांबतात, लीग वन आणि लीग टू आपोआप थांबत नाहीत. क्लबचे तीन किंवा जास्त खेळाडू राष्ट्रीय संघांत निवडले गेले तर क्लब सामना पुढे ढकलायला सांगू शकतो. पण लीग टूच्या बऱ्याच क्लबांत असा खेळाडू एकटाच असतो. म्हणजे काय होतं बघा. सोमवारी हा विमानात बसतो, गुरुवारी कुठेतरी आशियात ९० मिनिटं खेळतो, मंगळवारी दुसरा सामना. मधल्या शनिवारी त्याचा क्लब त्याच्याविना मैदानात उतरतो. त्याच्या जागी अकादमीतला १९ वर्षांचा पोरगा उतरतो, गोल करतो, संघ जिंकतो. हा गुरुवारी परततो तो झोपेचं खोबरं झालेलं, पायात विमानप्रवासाचा जडपणा, आणि पुढच्या शनिवारी मॅनेजर जिंकलेला संघ बदलत नाही. यात कुणाची दुष्टाई नाही. पण असं वर्षातून चार-पाच वेळा झालं की एक वर्षाच्या करारावरचा खेळाडू पुढच्या उन्हाळ्यात नवा क्लब शोधत फिरतो.

दुखापतीचंही तसंच. राष्ट्रीय संघाकडून खेळताना जायबंदी झालेल्याचा पगार क्लबला भरून देणारी फिफाची योजना आहे, पण ती २८ दिवसांहून लांबलेल्या दुखापतीलाच लागू होते. तीन आठवड्यांचा स्नायू ताणला तर भुर्दंड क्लबचा. लहान क्लबचे मॅनेजर हे विसरत नाहीत.

दुसरा धोका देशाच्या फुटबॉल फेडरेशनचा. पाकिस्तानकडे ब्रिटनमध्ये जन्मलेल्या खेळाडूंची परंपरा आहे. फुलहॅमकडून प्रीमियर लीग खेळलेला झेश रहमान २००५ मध्ये त्यांच्याकडे आला, नंतर लीग टूमध्ये ब्रॅडफर्ड सिटीकडून खेळला. ब्रिटिश नागरिकाला पाकिस्तान दुहेरी नागरिकत्व देतं, त्यामुळे कागदपत्रांची अडचण आपल्यापेक्षा फार कमी. पुढे झेश थायलंड, हाँगकाँग, मलेशियात खेळला, आणि तिथे पाकिस्तानी पासपोर्टचा उपयोग असतो, कारण आशियातल्या अनेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंतली एक जागा आशियाई देशाच्या खेळाडूसाठी राखीव असायची. हा फायदा लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. पण त्याच पाकिस्तानच्या फेडरेशनला फिफानं २०१७, २०२१ आणि २०२५ असं तीनदा निलंबित केलं. जून २०१९ पासून नोव्हेंबर २०२२ पर्यंत त्यांचा पुरुष संघ एकही सामना खेळला नाही. ज्या खेळाडूची २५ ते २८ ही वर्षं त्यात गेली, त्याला ती कोण परत देणार? आणि मग ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्लामाबादला कंबोडियाविरुद्ध १-० असा पाकिस्तानचा विश्वचषक पात्रता फेरीतला पहिलावहिला विजय आला. गोल करणारा हारून हमीद लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सच्या युवा संघातून घडलेला. त्या रात्रीची गर्दी बघितली की ही मुलं का जातात ते वेगळं सांगावं लागत नाही.

मॉन्टसेराटबद्दलही दोन शब्द. १९९५ पासूनच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांनी या कॅरिबियन बेटाची राजधानी प्लिमथ गाडली गेली, बहुसंख्य लोक ब्रिटनला गेले. २००२ मध्ये हा संघ फिफा क्रमवारीत तळाला होता आणि थिंफूत भूतानकडून ०-४ हरला होता. नंतर त्यांनी इंग्लंडच्या खालच्या विभागांत खेळणारी आपल्या लोकांची मुलं गोळा केली, आणि उत्तर अमेरिका-कॅरिबियन देशांच्या २०१९ च्या गोल्ड कपची पात्रता ते केवळ गोलफरकानं हुकले. त्या मुलांतला लाइल टेलर मे २०१६ मध्ये वेम्बलीवर विम्बल्डन या फुटबॉल क्लबकडून लीग टूच्या प्ले-ऑफ अंतिम सामन्यात गोल करून संघाला वर घेऊन गेला. समोर संघ होता इंग्लंडमधल्या प्लिमथचा.

आता आपल्याकडचं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि फक्त भारतीय नागरिकानंच देशाचं प्रतिनिधित्व करावं हे सरकारचं धोरण २००८ पासूनचं आहे. न्यूकॅसलचा भारतीय वंशाचा मायकेल चोप्रा इच्छा असूनही यामुळेच भारताकडून खेळू शकला नाही. अराता इझुमी खेळला, कारण पुणे एफसीत असताना त्यानं जपानी नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताकडून पदार्पण केलं. अलीकडचं उदाहरण रायन विल्यम्सचं. पर्थचा, आई मुंबईत जन्मलेली, आजोबा संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. पोर्ट्समथ, रॉदरहॅम, ऑक्सफर्ड अशी इंग्लंडच्या खालच्या विभागांतली पूर्ण कारकीर्द करून तो २०२३ मध्ये बेंगळुरू एफसीत आला आणि २०२५ मध्ये त्यानं ऑस्ट्रेलियन पासपोर्ट सोडून भारतीय घेतला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. हे वय महत्त्वाचं आहे.

कारण विशीतल्या पोरानं ब्रिटिश पासपोर्ट सोडला की इंग्लंडमध्ये तो परदेशी ठरतो. तिथे काम करायला परवाना लागतो, आणि त्यासाठीच्या गुणांमध्ये राष्ट्रीय संघाची फिफा क्रमवारी मोजली जाते. पहिल्या पन्नासाच्या बाहेरच्या संघाचे सामने त्यात कामाला येत नाहीत, आणि भारत त्या पन्नासाच्या खूपच मागे आहे. म्हणजे देशाकडून खेळायला जावं आणि ज्या लीगमुळे तो निवडीच्या लायकीचा झाला तीच बंद व्हावी. शिवाय ओसीआयधारकाला नोंदणीनं नागरिकत्व मिळायला कार्ड पाच वर्षं जुनं असावं लागतं आणि अर्जाआधी वर्षभर भारतात वास्तव्य असावं लागतं. म्हणजे इंडियन सुपर लीगचा क्लब हवा, आणि नागरिक होईपर्यंत तिथेही तो परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागांपैकी एक अडवणार. या लीगचा २०२५-२६ चा हंगाम वेळेवर सुरूही झाला नव्हता, हेही लक्षात असू द्या.

म्हणून माझा सल्ला असा की पुढची पाच-सहा वर्षं त्यानं इंग्लंडमध्येच सामने खेळावेत. लीग टूमध्ये नियमित खेळणारा विशीतला मुलगा ही लहान गोष्ट नाही. दार बंद होत नाही, कारण फिफाच्या नियमांत आईवडिलांचा जन्म भारतातला असणं पुरेसं आहे, बाकी फक्त नागरिकत्व. पंचवीस-सव्विसाव्या वर्षी भारतातून चांगला करार आला आणि त्याला स्वतःला इथे येऊन राहायचं असलं तर तेव्हा पुन्हा विचार करा. भावाला सांगा, निर्णय मुलाचा असू द्या. आजीला आनंद होईल म्हणून पासपोर्ट सोडायला लावू नका.

तोवर दोन गोष्टी बघून ठेवा. क्लबचा करार नेमका कधी संपतो, आणि त्यात क्लबच्या मर्जीनं मुदत वाढवायचं कलम आहे का. आणि ओसीआय कार्ड त्याच्याच नावावर नोंदलेलं आहे ना, आणि त्यावर तारीख कोणती आहे. पुढे अर्ज करायची वेळ आली तर ती पाच वर्षं त्या तारखेपासून मोजली जातील.