आधी अडकित्ता, मग आदरांजली

तुझ्या गावच्या ग्रंथपालांवर तू लिहिलेल्या आदरांजलीचा मसुदा वाचला. ‘निःस्वार्थी’, ‘तपस्वी’, ‘व्रतस्थ’ हे सगळं आधी काढून टाक. त्यात माणूस दिसेनासा होतो.

पुण्याला शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय सावकाश बघून ये. दिनकर केळकरांचा धंदा चष्म्यांचा, कविता ‘अज्ञातवासी’ नावाने. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं. गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, भांडी जमवली आणि १९७५ साली सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. तिथे अडकित्त्यांपाशी थांब. सुपारी कातरायच्या वस्तूवर केवढी ही नक्षी! ती करणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

तुझ्या ग्रंथपालांबद्दलही असंच हाताला लागेल ते लिही. फाटकी पुस्तकं कशी बांधायचे, खळ घरी शिजवायचे का, वर्गणी थकवणाऱ्याला काय सुनवायचे? त्यांच्या पत्नीला, काकूंना, पैशांचंही विचार. ओढाताण झाली असेल तर, त्यांची हरकत नसेल तर, तीही येऊ दे.

जन्मतारीख मात्र नीट तपास. दाखल्यावरची १ जून बहुधा गुरुजींनी लावलेली असते.