वाचकांचे प्रश्न : डबल-ट्रिपलची परीक्षा आणि मधली ती डॉली

प्रश्न : काका नमस्कार, मी कॅलिफोर्नियात ट्रक चालवतो, क्लास ए सीडीएल (मोठ्या ट्रकचं व्यावसायिक लायसन्स) मिळून आठ महिने झाले, सध्या एकच ५३ फुटी ट्रेलर ओढतो. कंपनी म्हणते टी एन्डॉर्समेंट (लायसन्सवर डबल-ट्रिपलची परवानगी) आण, मग तुला रात्रीच्या डबलवर, म्हणजे एकामागे दोन ट्रेलरच्या गाडीवर घेऊ. मॅन्युअल दोनदा वाचलं, वाचताना सगळं कळतं, पण मोबाइलवर सराव प्रश्न सोडवायला बसलो की कुठला व्हॉल्व्ह उघडा, कुठला बंद, आधी काय जोडायचं, सगळी खिचडी होते. आणि गाडी घेऊन पण टेस्ट द्यावी लागते का, परत स्कूलची फी भरायची का? हा शेवटचा प्रश्न बायकोचा आहे.

उत्तर : बायकोच्या प्रश्नाला आधी उत्तर देतो, नाहीतर घरात वातावरण बिघडेल. फी वाचली. ७ फेब्रुवारी २०२२ पासून जे सक्तीचं ट्रेनिंग आलं ते क्लास ए, क्लास बी आणि हॅझमॅट (धोकादायक माल), पॅसेंजर, स्कूल बस यांना आहे, टी ला नाही. गाडीवरची टेस्टही नाही, फक्त लेखी, बहुतेक ठिकाणी २० प्रश्न असतात आणि पास व्हायला ८० टक्के लागतात, म्हणजे १६ बरोबर. आता मला विचारशील तर हीच खरी गंमत आहे, ज्या माणसाने आयुष्यात डॉलीला (दोन ट्रेलरच्या मधली, मागचा ट्रेलर जिच्यावर बसतो ती चाकांची गाडी) हात लावला नाही त्यालाही टी मिळतो, म्हणून नुसतं पास होण्यापुरतं वाचू नकोस.

तुझी खिचडी होते कारण तू उत्तरं पाठ करतोयस. मी पण तेच केलं होतं आणि पहिल्या खेपेला व्हॉल्व्हच्याच प्रश्नांवर आपटलो. मग एका जुन्या ड्रायव्हरने मला यार्डात नेलं, काही शिकवलं नाही, फक्त म्हणाला, तू ब्रेकच्या नळीतली हवा आहेस असं समज आणि ट्रॅक्टरपासून मागे चालत जा. चाललो. पहिल्या ट्रेलरच्या मागे पोचलो, तिथला शटऑफ (हवा अडवणारा व्हॉल्व्ह) बंद असेल तर मी तिथेच अडकलो, मागच्या ट्रेलरला हवाच नाही. म्हणजे तो उघडा हवा. डॉलीवर शटऑफ असेल तर तोही उघडा. शेवटच्या ट्रेलरच्या पाठीमागे मात्र उघडा राहिला तर मी बाहेर फुस्स, प्रेशर टिकणारच नाही, म्हणून तो बंद. डॉलीच्या हवेच्या टाकीचा खालचा पेटकॉक (पाणी काढायचा छोटा नळ) पण बंद. झालं, चार-पाच प्रश्न एका फेरीत सुटले.

आणि हवा खरंच टोकापर्यंत पोचली का ते कसं बघायचं, तर ट्रेलरच्या टाक्या भरल्या की सगळ्यात मागे जाऊन इमर्जन्सी लाइनचा (ट्रेलरच्या टाक्या भरणाऱ्या नळीचा) शटऑफ क्षणभर उघडायचा, हवेचा आवाज आला की लगेच बंद करायचा. सर्व्हिस लाइनचं (ब्रेक दाबल्यावर हवा नेणाऱ्या नळीचं) तसंच, फक्त आधी हँड व्हॉल्व्ह (ट्रेलरचे ब्रेक लावायचा हातातला दांडा) ओढून ठेवायचा. आवाज आला नाही तर मधे कुठेतरी एखादा शटऑफ बंद राहिलाय.

जोडताना जड ट्रेलर ट्रॅक्टरला लागून, हलका मागे. याचं कारण लक्षात ठेव म्हणजे पाठ करावं लागणार नाही. लहानपणी आपण हात धरून साखळी करून पळायचो आठवतंय का, पुढचा पोरगा जरासा वळला की शेवटचा पार फेकला जायचा, तसंच हे. मॅन्युअलमधे आकडा दिलाय, ट्रिपलचा (तीन ट्रेलरच्या गाडीचा) शेवटचा ट्रेलर पाच ॲक्सलच्या साध्या ट्रॅक्टर-ट्रेलरपेक्षा साडेतीन पट सहज उलटतो. म्हणून स्टीअरिंगला झटका नाही, हायवेवरून उतरताना रॅम्पवर स्पीड आधीच कमी. अंतराचा प्रश्नही हमखास येतो, गाडीच्या दर १० फुटांना १ सेकंद आणि ताशी ४० मैलांच्या वर असशील तर आणखी १. म्हणजे ७० फुटी डबल हायवेवर असेल तर ८ सेकंद.

डॉली मागच्या ट्रेलरखाली घालायच्या आधी उंची बघायची, ट्रेलर फिफ्थ व्हीलच्या (डॉलीवरची, ट्रेलर टेकतो ती प्लेट) मध्यापेक्षा किंचित खाली असला पाहिजे, म्हणजे डॉली आत शिरताना तो थोडा उचलला जातो. उंच राहिला तर जोडणी नीट होतच नाही. जोडल्यावर खाली वाकून टॉर्च मारून बघ, वरच्या-खालच्या प्लेटमधे फट नको आणि फिफ्थ व्हीलचा जबडा किंगपिनच्या (ट्रेलरखालचा जाड खुंटा) मानेला धरून हवा.

आता जे परीक्षेपेक्षा जास्त तुझ्या दातांसाठी सांगतोय. मागचा ट्रेलर अजून डॉलीवर बसलेला असताना पिंटल हुक (पुढच्या ट्रेलरच्या मागचा, डॉली अडकवायचा हुक) कधीच उघडायचा नाही. डॉलीचा टो बार (ओढायचा दांडा) ताडकन वर उडतो. शिवाय नंतर डॉली परत जोडणं महाकठीण होऊन बसतं, पण ती पुढची गोष्ट झाली, आधी तोंड शाबूत राहू दे.

पार्किंगचं एका ओळीत : सरळ पुढे निघता येईल अशीच जागा बघ, डबल रिव्हर्स घेण्याच्या भानगडीत पडू नकोस.

प्रश्न : टी मिळाला की ट्रिपल पण लगेच चालवता येतं का? आमच्या इथे कधी दिसत नाही.

उत्तर : कॅलिफोर्नियात असाल तर दिसणार नाही, तिथे ट्रिपलला बंदी आहे. शेजारी नेवाडा, ओरेगॉनमधे चालतात. १९९१ च्या कायद्याने हे सगळं गोठवलं, १ जून १९९१ ला जिथे लांब गाड्या कायदेशीर चालत होत्या तिथेच पुढे चालल्या. आणि लायसन्सवर टी आला म्हणून लगेच नाही, इंटरस्टेटवर दोन किंवा जास्त ट्रेलर आणि एकूण वजन ८०,००० पाउंडांच्या वर असेल तर एलसीव्हीचं (अशा लांब जोडगाड्यांचं) वेगळं ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट लागतं, ते नसताना कंपनीने तुम्हाला चावी द्यायची नाही. त्या ट्रेनिंगला बसायलाच टी हातात येऊन सहा महिने झालेले लागतात, तेव्हा टीची परीक्षा लवकर देऊन टाका.