पायपेटी, बेसी आणि ती अफवा

प्रश्न : अमेरिकेतल्या काळ्यांची ‘ब्लूज’ ही व्यथागीतं गाणाऱ्या बेसी स्मिथचं ‘सेंट लुईस ब्लूज’ ऐकलं. मागे वाजते ती आपली पेटीच ना? आणि गोऱ्यांच्या दवाखान्यानं दारातून परत पाठवल्यामुळे ती गेली, हे खरं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कान तयार आहे तुमचा! पेटीच ती, पण पायानं भाता मारायची. आमचे आजोबा तिला पायपेटीच म्हणाले असते. वाजवणारा फ्रेड लाँगशॉ, कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारखं छोटं वाद्य) लुई आर्मस्ट्राँग, ध्वनिमुद्रण जानेवारी १९२५, न्यूयॉर्क. तेव्हा रेकॉर्डिंगला मायक्रोफोन नव्हता, भल्यामोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून गायचं. सूर्य मावळताना बघवत नाही, असं बेसी म्हणते. तिची ओळ संपते तिथं कॉर्नेट उत्तर देतो, पेटी नुसता सूर धरून बसते. ड्रमबिम काही नाही. लय सगळी बेसीच्या श्वासात. माझी एलपी तेवढ्याच जागी झिजलीय.

बाई टेनेसीतल्या चॅटानूगाची. आईवडील लहानपणीच गेले. भाऊ अँड्र्यू गिटार वाजवायचा, ही रस्त्यावर गायची. १९१२ मध्ये एका फिरत्या कंपनीत शिरली. तिथं मा रेनी ही ब्लूज गायिका आधीपासून होती. १९२३ ची पहिली रेकॉर्ड सहा महिन्यांत साडेसात लाखांवर खपली म्हणतात. पुढे दौऱ्यासाठी तिनं स्वतःचा रेल्वेचा डबाच करून घेतला. दक्षिणेत काळ्यांना हॉटेलात खोली कोण देणार? अख्खी मंडळी डब्यातच झोपायची.

आता अफवा. सप्टेंबर १९३७, मिसिसिपीतल्या हायवे ६१ वर रात्री तिची गाडी एका ट्रकवर आदळली. उजवा हात कोपरापाशी जवळजवळ तुटला होता. योगायोगानं तिथून चाललेल्या एका गोऱ्या डॉक्टरनं रस्त्यातच उपचार सुरू केले. त्याच्याच सांगण्यानुसार रुग्णवाहिकेनं तिला थेट क्लार्क्सडेलच्या काळ्यांच्या दवाखान्यात नेलं. म्हणजे परत कुणी पाठवलं नाही. गोऱ्यांच्या दारात तिला न्यायचं कुणाच्या मनातच आलं नसतं. मला तर हे अफवेपेक्षा भयंकर वाटतं. नकाराची गोष्ट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका जॅझ मासिकानं छापली आणि ती आजवर चिकटून राहिली.

विचारलं नाहीत तरी सांगतो : १९२९ चा दोन रिळांचा बोलपट आहे, याच गाण्यावरचा. बेसी चालताबोलता दिसते ती तेवढ्यातच. त्यात पेटी नाही, मागे भलामोठा कोरस आहे. तिचा आवाज मात्र सगळ्यांच्या वरून येतो.