मँगनीज, पेरॉक्साइड आणि न्यूमोकॉकस: 'एसओडी'वर उत्तर संपत नाही

एकेरीत लिहितोय, चालेल ना? तुझा प्रश्न असा होता: न्यूमोकॉकसमधला (न्यूमोनियाचा जंतू) मँगनीज आत घेणारा वाहक, म्हणजे पीएसए, मोडला की जंतू हायड्रोजन पेरॉक्साइडपुढे पटकन मरतो, ते का? 'मँगनीज एसओडीला (सुपरऑक्साइड डिसम्युटेज या एन्झाइमला) लागतं म्हणून' असं तू सेमिनारच्या मसुद्यात लिहिलंस आणि मॅडमनी 'अपुरं' असा शेरा मारला. ठाण्यात तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये असं काही करून दाखवता येईल का, हेही तू विचारलंयस.

मॅडमचं बरोबर आहे. एसओडी हे एन्झाइम (मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली शोधलेलं) सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं घातक रूप मोडतं खरं, पण त्यातून तयार होतं ते पेरॉक्साइडच. मग पेरॉक्साइडपासून वाचवल्याचं श्रेय एकट्या त्याला कसं देणार? सुपरऑक्साइडपुढे म्युटंट (वाहक मोडलेला जंतू) का मरतो, एवढ्यालाच तुझं वाक्य पुरतं.

खरी गोम लोहात आहे. लोह आणि पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अतिशय क्रियाशील कण तयार होतो आणि तो डीएनए तोडतो. ही फेंटनची अभिक्रिया, १८९४ सालची, तुला पाठ असेलच. पण डीएनएच्या आधी मार बसतो तो काही एन्झाइम्सना. त्यांच्या सक्रिय जागी लोहाचा एकच अणू असतो, पेरॉक्साइड त्याचं ऑक्सिडीकरण करतं, तो सुटून जातो आणि काम थांबतं. इलिनॉय विद्यापीठातल्या इम्ले यांच्या गटाने हे ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूमध्ये फार नेटकं दाखवलंय. एरवी ई. कोलाय मँगनीज जवळजवळ घेतच नाही. पेरॉक्साइड दिसलं की ऑक्सीआर हा नियामक जागा होतो, एमएनटीएच हा वाहक वाढवतो आणि लोहाच्या जागी मँगनीज बसतं. मँगनीज पेरॉक्साइडशी फेंटनसारखी अभिक्रिया करत नाही, त्यामुळे ते जागेवर टिकतं. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असला की टीएमटीच्या (ठाणे पालिकेच्या) जादा बस सुटतात, तसं समज: वेग बेताचा, पण माणूस पोचतो. तो वाहकच काढून टाकला तर पेरॉक्साइडच्या ताणात ई. कोलायची वाढ कोलमडते (२००९ चा पेपर आहे, जरूर वाच).

न्यूमोकॉकसला हे सगळं जसंच्या तसं लावू नकोस. त्याच्याकडे ऑक्सीआर नाही, पेरॉक्साइड मोडणारं कॅटॅलेज हे एन्झाइम नाही, आणि वर तो स्पायएक्सबी या एन्झाइमने (पायरुवेट ऑक्सिडेज) स्वतःच ढिगाने पेरॉक्साइड सोडतो. अशा जंतूला मँगनीजचा साठा कायम हाताशी लागतो. म्हणून स्लाइडवर 'मँगनीज हे अँटिऑक्सिडंट आहे' असं लिहू नकोस, 'पेशीत लोहाच्या तुलनेत मँगनीज किती, यावर जगणं ठरतं' असं लिही.

आता यजमानाची, म्हणजे ज्याला संसर्ग होतो त्या शरीराची बाजू, आणि मला विचारशील तर सेमिनारचा सर्वांत रंगणारा भाग हाच. न्यूट्रोफिल ही जंतू मारणारी पांढरी पेशी; ते नुसतं पेरॉक्साइड ओतत नाही, त्याच वेळी मँगनीजची रसदही तोडतं. त्याच्या पेशीद्रवातल्या प्रथिनांपैकी जवळपास निम्मं कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन असतं, आणि ते मँगनीज आणि जस्त घट्ट पकडून ठेवतं. (पॅथॉलॉजी लॅबच्या दरपत्रकात 'फीकल कॅलप्रोटेक्टिन' दिसतं ना, तेच हे. आतड्याच्या सुजेसाठी मोजतात.) मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशीमध्ये एनरॅम्प-१ हा पंप फॅगोसोममधून (गिळलेला जंतू असतो त्या पिशवीतून) लोह आणि मँगनीज बाहेर काढतो. उलट तांबं मात्र मुद्दाम आत सोडलं जातं, कारण ते जंतूला विष.

जस्ताचा डाव आणखी कावेबाज आहे. पीएसएमधलं धातू पकडणारं प्रथिन, पीएसएए, जस्तही पकडतं, पण मग ते सोडतच नाही. वाहक अडकून बसतो, मँगनीज बाहेरच राहतं आणि जंतू ऑक्सिडेटिव्ह ताणापुढे हतबल होतो. ॲडलेडच्या गटाने २०११ मध्ये हे दाखवलं. वाहक मोडायला दरवेळी जनुकच काढावं लागतं असं नाही, हे यातून छान सांगता येईल.

प्रयोगाचं म्हणशील तर न्यूमोकॉकसला हात लावू नकोस. तो रोगजंतू आहे, त्याला बीएसएल-२ (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) सुविधा लागते. शिवाय ब्लड अगरवर (रक्त घातलेल्या माध्यमावर) वाढवलास तर तांबड्या पेशींतलं कॅटॅलेज पेरॉक्साइड खाऊन टाकतं आणि फरक झाकला जातो. त्यापेक्षा लॅक्टोबॅसिलस प्लँटारम घे. त्याच्याकडे एसओडी नाहीच. त्याऐवजी तो पेशीत २० मिलिमोलरच्या वर मँगनीज साठवतो आणि ते मँगनीजच सुपरऑक्साइड मोडतं. आर्चिबाल्ड आणि फ्रिडोविच यांचं १९८१ चं काम. एमआरएस ब्रॉथ (लॅक्टोबॅसिलस वाढवायचं द्रव माध्यम) तयार पावडरीचा घेऊ नकोस, त्यात मँगनीज सल्फेट आधीच असतं. घटक वेगवेगळे आणून मँगनीज वगळून बनव, दुसऱ्या फ्लास्कमध्ये ते घाल, आणि दोन्ही शेकरवर हवा देत वाढव. यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधून थोडं मँगनीज येतंच, म्हणून मँगनीज नसलेल्या ब्रॉथमध्ये दोनतीनदा सबकल्चर करून (थोडे जंतू नव्या ब्रॉथमध्ये घालून पुन्हा वाढवून) मग वाढ मोज. तोवर आधीचा साठाही विरळ होतो. शेकरवर न हलवलेली दोन फ्लास्कची जोडी सोबत ठेवायला विसरू नकोस, नाहीतर 'मँगनीज नाही म्हणून एकूणच वाढ कमी' असं कोणीही म्हणेल आणि तुझ्याकडे उत्तर नसेल.

'मग जंतू भरमसाट मँगनीज का घेत नाही?' हा प्रश्न व्हायव्हात येणारच. कारण जास्त झालं तर तेही बाधतं. न्यूमोकॉकसकडे मँगनीज बाहेर टाकणारा एमएनटीई नावाचा वाहकही आहे. तो काढला तर ऑक्सिडेटिव्ह ताण जास्त सोसणारा जंतू मिळतो, पण उंदरात रोग घडवायला तो कमी पडतो.